कूलर बंद कर

परवा कूलरच्या जाळीत नवा वाळा भरला, पाणी सोडलं आणि बटण दाबलं. आधी थोडी खडखड, मग तो ओला मातकट वास, आणि मग मोटरचा एकसुरी आवाज खोलीत येऊन बसला. लोक म्हणतात, वाळ्याच्या वासानं जीव गार होतो. माझं डोकं तापतं. त्या वासाबरोबर मला माझा भाऊ दिसतो, आणि भाऊला पाहून मी गार झाल्याचं मला तरी आठवत नाही.

खानदेशातला उन्हाळा अंगावर चालून येतो. होळीची राख गार होते न होते तोच सकाळी दहाला इथं धुळ्यात, आमच्या देवपुरातले रस्ते ओस पडतात. पांझरेच्या पात्रात दगड तेवढे उरतात. केळीवाले बागेच्या कडेनं हिरवी जाळी बांधतात, झाडांना झळ लागू नये म्हणून. माणसांसाठी तेवढंही कोणी करत नाही. आम्ही दारंखिडक्या लावून, ओलं फडकं डोक्यावर टाकून अंधारात पडून राहतो आणि चार वाजायची वाट बघतो. ऋतूंची गाणी लिहिणाऱ्यांना एकदा मे महिन्यात भर दुपारी धुळ्याच्या बसस्टँडवर उभं करावं, असं मला फार वाटतं.

असल्याच एका उन्हाळ्यात मी गिटार शिकले. पन्नाशी उलटलेली, शाळेत इतिहास शिकवणारी, संधिवाताची गोळी रोज घेणारी बाई. शिकले तेही एकच गाणं, जुनं इंग्रजी, रॉक अँड रोल म्हणतात त्यातलं. कलेची ओढ, राहून गेलेली हौस, असलं काही नव्हतं. मी रागानं शिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना अशा गोष्टी गोड करून ऐकायची सवय असते.

माझं माहेर धरणगावचं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो जळगावला कॉलेजात गेला तेव्हा वडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली. मी मागितली नव्हती आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. तिकडे कुणा मित्राच्या टेपवर त्यानं ते गाणं ऐकलं आणि सुट्टीत घरी आला की मधल्या खोलीत बसून तेच वाजवायचा. मला आत यायची बंदी होती. उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचं, तेही हात चालू ठेवून. लसूण सोलणं, गहू निवडणं, काहीतरी. एकदा तो अंघोळीला गेला असताना मी आत जाऊन एक तार छेडली. तो ओल्या अंगानं धावत आला. मारलं नाही त्यानं. माझ्यादेखत पंचा घेतला आणि मी हात लावलेली तार वरपासून खालपर्यंत पुसून काढली. मार खाल्ला असता तर कधीच विसरले असते.

उंबऱ्यावर बसून बसून ते गाणं मला पाठ झालं. इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण सूर कुठे चढतो, कुठे वळतो ते सगळं कळत होतं. आणि आणखी एक गोष्ट कळली. गाण्याचा फेरा संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तिथं बोटं एका दमात खाली उतरावी लागतात. भाऊला ते जमायचं नाही. त्या जागी आला की तो वाजवणं सोडून जोरात पाय आपटायचा आणि पुढे जायचा. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे! लग्नात, बारशाला, कॉलनीच्या गणपतीत भाऊनं पाय आपटला की टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या चुकीला पडतात, हे अख्ख्या धरणगावात मला एकटीला ठाऊक होतं आणि चाळीस वर्षं मी ते गिळून बसले होते.

मग ती होळी आली. भाचीच्या सासरचे लोक जेवायला आले होते. पुरणपोळ्या झाल्या आणि वहिनीनं नेहमीप्रमाणे हॉलमधल्या खिळ्यावरची गिटार उतरवून भाऊच्या हातात दिली. भाऊनं वाजवलं, त्या जागेवर आला, पाय आपटला. व्याही खूश झाले. मी वाट्या उचलत होते. तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही, पण निघालं.

"भाऊ, तठे तू चुकस."

भाऊ हसला. त्याचं ते हसू मला लहानपणापासून ओळखीचं आहे, ओठ हसतात आणि डोळे माणूस मोजतात.

"ऐकनं सोपं शे," तो म्हणाला. "तू वाजाडी दखाड. आखाजीले येशी तव्हय वाजाडी दखाड, गिटार तुन्ही." आणि मग व्याह्यांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पन तिले जमाव नही. तिना हात पोया लाटाना शेत."

सगळे हसले. मीही हसले, कारण हातात वाट्या होत्या. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. म्हणजे वाजवून दाखवलं तर गिटार माझी, आणि त्यासाठी हातात जेमतेम दीड महिना होता.

शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनासाठी घेतलेली एक गिटार धूळ खात पडली होती. मुख्याध्यापकांना सांगितलं, उन्हाळ्यापुरती घरी नेते; शाळा सकाळची झाली होती, दुपार मोकळीच होती. त्यांनी मला नीट पाहून घेतलं, मग हो म्हणाले. शिकवायला फोनमधला एक दिल्लीकडचा मुलगा होता, विशीतला, विनाकारण आनंदी. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला तो म्हणायचा, बहुत आसान है. त्याला समोर बसवून त्याची बोटं तारेवर दाबून धरावीत असं मला रोज वाटायचं. तीनच कॉर्ड आहेत, बोटांच्या तीनच ठेवणी, तो सांगायचा. तीनच. बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. भाकरी उलटताना चटका बसला तरी कळेनासं झालं. घामानं तारेवरून बोट घसरायचं, मग मी बोटांना राख लावायची, भांडी घासायची राख. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ दुपारी खाली आले आणि अगदी मृदू आवाजात म्हणाले, बाई, वामकुक्षीच्या वेळी जरा... मी म्हटलं, तुम्ही कूस बदला. दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीजवळ बसायला लागले.

रागाला लोक उगाच नावं ठेवतात. राग वाईट, राग माणसाला खातो, वगैरे. मला विचाराल तर रागासारखा नियमित सोबती नाही. हौस दुपारी झोपते. भक्तीला सुतक येतं, पाहुणे येतात, पाठ दुखते. राग बरोबर जेवण झालं की येऊन बसायचा. त्या उन्हाळ्यात मी एक दिवस चुकवला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय भाऊच्या त्या हसण्याला आहे.

गिटार सुरात लावायची ती मी कूलरवर. फोनमधला मुलगा सांगायचा, त्यासाठी अमुक एक ॲप घ्या. मी म्हटलं, समोर एवढा मोठा सूर चोवीस तास चालू असताना ॲप कशाला? गिटारची सगळ्यात जाड तार, तिचं तिसरं घर दाबलं की कूलरच्या मोटरसारखा आवाज यायचा. दोन्ही एक होईपर्यंत खुंटी पिळायची, मग बाकीच्या तारा तिच्यावरून लावायच्या. फोनवरच्या गिटारशी माझी गिटार कधी जुळायची नाही. मला वाटायचं, फोनमध्येच काहीतरी खोट आहे. आमचे हे नोकरीभर दीपनगरला, वीजकेंद्रात होते. त्यांना विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, अगं, खानदेशातले सगळे कूलर त्याच विजेवर फिरतात, सगळ्यांचं गुणगुणणं एकच. मला तेवढं पुरलं. सूर म्हणून तो बरोबर आहे का, हे मी विचारलं नव्हतं आणि न विचारलेलं सांगायची त्यांना सवय नाही.

वैशाख जवळ आला तोवर तिन्ही कॉर्ड बसले होते. ती उतरायची जागाही बसली होती. मला ती चाळीस वर्षांपासून ऐकून ठाऊक होती, बोटांना तेवढी सांगावी लागली. पण गाणं काही केल्या गाणं होईना. सगळं बरोबर, आणि ऐकायला आरती. खरंच आरती. देवापुढे टाळ्या वाजवत उभे आहोत असं वाटायचं. फोनमधला मुलगा ओरडून सांगायचा, ताली दो पे और चार पे. माझा हात जन्मभर चार मात्रांतल्या एकावर आणि तीनवर पडत आलेला. सत्यनारायण, हरिपाठ, शाळेतली प्रार्थना, सगळं एकावर. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. हा माणूस मला पोळ्या लाटणारी म्हणतो आणि मी खरंच पोळपाटावरच्या ठेक्यात वाजवते आहे.

मग एका दुपारी मला मामाच्या गावची आखाजी आठवली. गौराई बोळवायच्या दिवशी तिथं कोरड्या नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन्हीकडच्या बायका जमायच्या आणि गाण्यातून एकमेकींना शिव्या द्यायच्या. नावं घेऊन, घरच्या भानगडी काढून, अगदी सोलून काढायच्या. कधी ढेकळंही उडायची. एरवी ज्या बायकांचा आवाज चुलीपलीकडे जात नसे, त्या त्या दिवशी गाव ऐकेल एवढ्यानं बोलायच्या. एकच नेम होता. त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही, कोणी धरला तर त्यालाच सगळे हसायचे. मी सात-आठ वर्षांची असताना आईच्या कमरेला धरून तिथं उभी राहिलेली आहे. आई, जी घरात भाऊच्या ताटात आधी तूप वाढायची, ती तिथं पदर खोचून शिव्या गायची. आणि टाळी! टाळी शब्दावर पडायची नाही. शब्द आधी फेकायचा, तो पलीकडे जाऊन लागला की मग टाळी.

मी गिटार उचलली. इंग्रजी शब्द नाहीतरी मला येत नव्हते. त्या जागी मी भाऊला घातलं.

"भाऊ मन्हा वाजाडस, पाय आपटस,
जठे जमत नही, तठे आपटस."

हात आपोआप मागे राहिला आणि शब्दानंतर पडला. दोनवर. चारवर. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसाच पडला. गिटारनं पहिल्यांदा उडी मारल्यासारखं झालं. आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, कोणाशी भांडतेस? मी म्हटलं, भाऊशी. बरं, म्हणाले आणि कुशीवर वळले.

आखाजीला धरणगावला गेले. घागरी भरून झाल्या, त्यांच्यावर डांगरं, म्हणजे खरबुजं, ठेवली गेली, आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. भाऊला वाटलं होतं, मी विसरले. व्याही पुन्हा आले होते, शेजारच्या बायका आल्या होत्या, हॉलमध्ये कूलर चालू होता आणि त्याच्यासमोर जागा धरून सगळे बसले होते. मी स्वतः उठून खिळ्यावरची गिटार काढली. जन्मात पहिल्यांदा. तार लावायला बसले, अर्थात कूलरवर. त्याचा कूलर आणि माझा कूलर अगदी एका सुरात, ह्यांनी सांगितलं तसंच. मला फार बरं वाटलं.

भाऊनं ते बघितलं आणि खिशातून फोन काढला. फोन गिटारपुढे धरला. पडद्यावरचा काटा लाल होऊन बाजूला गेला.

गिटार सगळी चढली आहे, तो सगळ्यांना म्हणाला, बाईनं कूलरवर लावली. मग त्यानं माझ्या मांडीवरून गिटार घेतली, एकेक खुंटी उतरवत फोनप्रमाणे लावली आणि परत देताना तारांवरून पंचा फिरवला. पंचा. कदाचित घामासाठी असेल. त्याला ते लहानपणचं आठवतही नसेल. मला आठवत होतं.

मी तार छेडली आणि कानात काहीतरी चावलं. गिटार खाली, कूलर वर, दोघांचं भांडण. अख्खा उन्हाळा ज्या सुराला धरून बसले होते, तोच आता मला वाजवू देईना. इथं थांबले असते तर सगळं संपलं होतं; माझ्या हातांचं काय ते त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"कूलर बंद कर," मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, "लोके शेत घरमा. मरी जातीन उकाडामा."

"कूलर बंद कर."

तो हलला नाही. वहिनी उठली आणि तिनं बटण दाबलं. माझी वहिनी, मंगल तिचं नाव, त्या घरात सून म्हणून आल्यापासून मी तिला कोणतंही बटण भाऊला न विचारता दाबताना पाहिलं नव्हतं. मोटर मंदावली, थांबली. आणि मग वैशाखातली दुपार काय असते ते त्या हॉलला कळलं. व्याह्यांच्या कपाळावर घाम आला. मला त्यांची अजिबात दया आली नाही. बसा म्हटलं मनात, माझ्यासाठी एकदा तरी घामाघूम होऊन बसा.

मी सुरू केलं. भाऊ मन्हा वाजाडस, पाय आपटस. शेजारच्या बायका आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांना कळलं की आज आखाजी आहे आणि हे कोणतं गाणं आहे. टाळी पडायला लागली, बरोबर जिथं पडायला हवी तिथं. त्या बायकांना फोनमधून कोणी शिकवलं नव्हतं. भाऊ हसत बसला होता, कारण राग धरला तर हसं त्याचंच. दुसऱ्या फेऱ्याला वहिनीनं तोंड उघडलं. ती कधी गात नाही.

"भितडावर गिटार टांगेल शे, धूय कोन झटकस?
मी झटकस."

बायकांनी अशी टाळी दिली की खिडकीवरची कबुतरं उडाली. आणि ती जागा आली. कूलर बंद होता, एकेक तार वेगळी ऐकू येत होती. बोटं एका दमात खाली उतरली आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. पाय आपटल्याचा आवाज आला नाही. तो न आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. व्याह्यांनी तर भाऊच्या पायांकडे पाहिलं.

झालं तेव्हा माझा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. भाऊ उठला, कूलर लावला, गिटार माझ्या हातून घेतली आणि खिळ्यावर टांगली.

"मी त गंमतमा बोलनू व्हतू," म्हणाला.

मी पदरानं मान पुसली. भांडून काय मिळतं हे इतिहास शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या रात्री मी माहेरी जेवले नाही, पोट भरलंय म्हणून सांगितलं.

सकाळी निघताना वहिनीनं पाट मांडला, ओटी भरायला. शेजारच्या बायका निरोपाला आल्या होत्या. तांदूळ, नारळ, खण. सांजोऱ्यांचा डबा. मग ती उठली, खिळ्यावरची गिटार काढली, तिला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या ओटीत घातली. तारा झणझणल्या. भाऊ दारात दात घासत उभा होता. त्यानं ब्रश तोंडातून काढला.

वहिनी त्याच्याकडे न बघता पदर सारखा करत म्हणाली, "ओटीमा टाकेल वस्तू कोनी परत ल्हेतस का?"

बायका नाही नाही म्हणाल्या. माहेरवाशिणीच्या ओटीतलं परत घेणारा भाऊ खानदेशात अजून जन्मायचा आहे आणि माझ्या भावाची तो होण्याची छाती नव्हती. त्यानं चूळ भरली. धुळ्याला परतताना एरंडोलपर्यंत मी ती गिटार मांडीवर उभी धरून नेली, एस्टीतली सगळी माणसं बघत होती, बघू दिली.

तेव्हापासून आखाजीला जाते ती वहिनीसाठी. हॉलमध्ये तो खिळा तसाच आहे. वहिनीनं त्यावर काही टांगलं नाही आणि खिळाही उपटू दिला नाही. भाऊ त्याच्याखालीच बसतो, माझ्याशी हवापाण्याचं बोलतो आणि मी हवापाण्याचं उत्तर देते. आमच्यात समेट व्हावा असं पुष्कळांना वाटतं. मला घाई नाही. गिटार मी अजून कूलरवरच लावते, चढीच. माझ्या घरात भांडायला दुसरा सूर नाही.

परवा वाळा भरून, कूलर लावून, गिटार घेऊन बसले तर फोन वाजला. भाऊ. सणाशिवाय तो फोन करत नाही. तब्येत, अवकाळी पाऊस, केळीचं काय झालं, असं बरंच इकडचं तिकडचं झालं. त्यानं जळगावहून नवी गिटार आणली आहे, हे मला वहिनीकडून आधीच कळलं होतं. त्यानं ते सांगितलं नाही. फोनमधून त्याच्याकडचा कूलर ऐकू येत होता, माझ्याकडच्याशी अगदी जुळलेला.

"विजू," तो म्हणाला, "ती तठली जागा... बोटे कसं ठेवस तू? येऊ का धुयाले?"

चाळीस वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न, धुळ्याला येऊन शिकू का.

"ये," मी म्हटलं. "पन उंबरानी बाहेर बसनं पडी."

पलीकडे तो काय म्हणतो याची वाट पाहिली. त्याच्याकडच्या मोटरचा आवाज मंदावत गेला आणि थांबला. नीट ऐकू यावं म्हणून भाऊनं उठून कूलर बंद केला होता.

मी माझा चालू ठेवला.